जरा जास्तच धुतलेला नवरा

११ जानेवारी, रविवार

ही डायरी हिने दिली. ही म्हणजे माझी बायको. लग्नाला दोनच महिने झालेत, त्यामुळे 'माझी बायको' असं लिहिताना पेन अजून जरा अडखळतं. ही मोटार चालवायला शिकवते. शिकाऊ लोकांना सांगते, रोज घरी गेल्यावर आज कुठे चुकलं ते दोन ओळींत लिहा. ड्रायव्हिंग स्कूलची एक उरलेली डायरी चहाच्या कपाशेजारी ठेवून म्हणाली, "तुम्हीही लिहा. बोलत तर नाही फारसं."

बोलत नाही हे खरं आहे. पहिली बायको गेल्यावर आठ वर्षं एकट्याने काढली. मुलगी लग्न होऊन लांब गेली. दिवसभर लाँड्रीत मशीनचा इतका आवाज असतो की तिथे बोलून उपयोग नाही, आणि घरी बोलायला कोणी नाही. सवयच गेली.

हे लग्न मुलीनेच जुळवलं. पहिल्या भेटीत ही म्हणाली होती, "लाँड्री आहे म्हणजे माणूस स्वच्छ असणार." हसत म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं. पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्यांदा नवरा व्हायचं, केस गेलेले, पोट आलेलं. निदान स्वच्छता तरी नाव ठेवायला जागा नको अशी हवी. लग्नापासून दोन वेळा आंघोळ करतो. खास जागेची खास काळजी घेतो.

आज कुठे चुकलं: कुठेच नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

तिथे खाज सुटली आहे. तिथे म्हणजे तिथे. डायरी माझी, पेन माझं, खोलीत दुसरं कोणी नाही, तरी लिहवत नाही.

सकाळी आंघोळीच्या वेळी नीट पाहिलं. टोकाला लाली आहे. कुठेतरी स्वच्छतेत कमी पडलो असणार. आता दुकानातून येतानाही एकदा साबण लावून धुणार. शिवाय मगभर पाण्यात आमचं दुकानातलं जंतुनाशक टाकतो. हॉस्पिटलच्या चादरी ज्यात भिजवतो तेच. हॉस्पिटलला चालतं म्हटल्यावर बघायलाच नको. लावल्यावर चांगलं झोंबतं, म्हणजे काम करतंय.

आतले कपडेही दुकानात वेगळे उकळून, दाट पावडरीत, वर थोडं ब्लीच टाकून काढले. असे पांढरे निघाले की दोरीवर बघून इस्त्रीवाले मामा म्हणाले, "शेट, हे घालायचे की दिवे म्हणून लावायचे?"

२० जानेवारी, मंगळवार

लाली वाढली. चालताना कापड घासतं आणि ठिणग्या पडतात. लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी.

गोळ्याकडे गेलो. गोळ्या माझा शाळेपासूनचा मित्र. लहानपणी गोल होता म्हणून गोळ्या. पुढे त्याने औषधाचं दुकान टाकलं, तेव्हा नाव बदलायची गरजच पडली नाही. मी गेलो तर काउंटरवर एक बाई बाळाचं दूध घेत होत्या. मी खोकल्याच्या वड्या मागितल्या. त्या गेल्या तर एक मुलगी आली. मी आणखी खोकल्याच्या वड्या मागितल्या.

तिसऱ्यांदा गोळ्याच म्हणाला, "तुला खोकला झालेला नाही. काय झालंय?"

"माझा एक मित्र आहे…"

"तुला माझ्याशिवाय मित्र नाही."

मी खुणेने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि ड्रॉवरमधून एक ट्यूब काढली. "तीन औषधं एकात आहेत. कशाचंही असो, यातलं एक तरी लागू पडतंच. पण आठवडाभरात बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे जा हं. माझ्याकडे परत येऊ नकोस."

खिसे खोकल्याच्या वड्यांनी भरून घरी आलो. हिने विचारलं, "घसा बसलाय?" मी मान हलवली. हिने गरम पाण्यात मीठ टाकून दिलं. गुळण्या केल्या. काय करणार.

२४ जानेवारी, शनिवार

बरं झालं! ट्यूब जादूची आहे. लाली गेली, खाज गेली. गोळ्याला फोन करून सांगितलं, "मित्र बरा आहे."

आता पुन्हा व्हायला नको म्हणून जंतुनाशकाचं प्रमाण जरा वाढवलं आहे. संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर सूप प्यायला गेलो. ही एका शिकाऊ गृहस्थाची नक्कल करत होती. सिग्नल हिरवा झाल्यावर ते आधी सिग्नलला थँक्यू म्हणतात म्हणे. मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. ही म्हणाली, "हसता की तुम्ही! मुलगी म्हणाली होती, पण मी तिचं ऐकलं नव्हतं."

फार चांगला दिवस.

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत आलं. आधीपेक्षा वाईट. त्वचा पातळ झाल्यासारखी वाटते, बारीक चिरा आहेत. ट्यूब लावली की दोन दिवस बरं, सोडली की पुन्हा तेच. धुणं तर मी एक दिवसही चुकवलेलं नाही, उलट आता दुपारीही धुतो. याहून जास्त माणसाने काय करावं?

अशा स्थितीत हिच्याजवळ झोपणं नको. काही असेल तर हिला लागायला नको, आणि हिने पाहिलं तर काय सांगणार? म्हणून बाहेरच्या खोलीत गादी टाकली. म्हटलं, "मी फार घोरतो. तुमची झोपमोड होते."

"मी तर कधी ऐकलं नाही."

"हळू घोरतो."

 हिने कपाटातून जाड पांघरूण काढून गादीवर ठेवलं आणि आत गेली. किती समजूतदार आहे. फार प्रश्न विचारत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

गोळ्याने तिसरी ट्यूब द्यायला साफ नकार दिला. "तुला सांगितलं होतं. शुगर तपासलीस का? वारंवार होणाऱ्याला आधी शुगर बघतात. तहान लागते? वजन उतरलंय?"

शुगरचं नाव काढल्यापासून मला सारखी तहान लागते आहे. घरात पाण्याची बाटली घेऊनच बसलो. वजन केलं, ते उतरलेलं नाही, उलट वाढलंय. पण काय सांगावं.

दुपारी फोनवर वाचत बसलो. ते करायला नको होतं. सुरुवात साबणापासून होते आणि तीन-चार ओळींत गाडी कॅन्सरवर जाते. साबणाचं मी सोडून दिलं, कारण साबण मी चांगलाच वापरतो. मधे लिहिलं होतं की हे नवरा-बायकोत एकमेकांकडूनही येऊ शकतं. ते वाचून मनात एक विचार आला. लिहायला लाज वाटते, पण चूक लिहायची तर हीच आजची चूक. आला तो विचार हिच्याबद्दल. हिचा पहिला संसार मोडून बारा-पंधरा वर्षं झाली, मला तिच्याबद्दल सगळं कुठे माहीत आहे? पाठोपाठ दुसरा विचार आला. हिने हे वाचलं तर तीही माझ्याबद्दल असंच म्हणेल. दुसऱ्या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा पहिला किती वाईट होता ते कळलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही मला रविवारी गाडी शिकवते. तिच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत. "घाबरू नका," ती सगळ्यांना सांगते, "तुम्ही चुकलात तरी मी आहे."

आज बसवेना. सीटवर या बाजूला कलतो, त्या बाजूला कलतो. क्लच दाबायला पाय उचलला की कळ. चौकाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि गप्प बसलो. हिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "तुम्हाला यातून उतरायचंय का? उतरायचं असेल तर स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

मी म्हटलं, "हो, बरं होईल. नको म्हणतंय सगळं. मी जरा मोकळा चालतो."

ही "बरं" म्हणाली. माझ्या बाजूचं दार तिनेच वाकून उघडलं. मी पाय फाकवून रमतगमत घरी आलो, खूप आराम वाटला. ही बरीच उशिरा आली. डोळे लाल होते. दिवसभर रस्त्यावरची धूळ, काय होणार. गुलाबपाण्याचे थेंब आणून दिले. घेतले नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हिच्या बहिणीचा फोन आला होता. रात्रीचं जेवण वाढता वाढता ही म्हणाली, "मी काही दिवस ताईकडे जाऊ का?"

मला तर देव पावल्यासारखं झालं. घरात कोणी नसेल तर डॉक्टर, तपासण्या, मलमं, सगळं उरकता येईल. मी म्हटलं, "जरूर जा. हवे तितके दिवस राहा. इकडची अजिबात काळजी करू नका."

"हवे तितके?"

"हो, हो. घाई कशाला?"

हिने वाढायचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही माणूस चांगले आहात, हे मी ताईला सांगेन."

मी थँक्यू म्हटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ही काल गेली. आज त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. लांबच्या भागातला दवाखाना मुद्दाम निवडला, ओळखीचं कोणी भेटायला नको. आत पाऊल टाकलं तर पहिल्याच खुर्चीवर गोळ्याची सासू. मी भिंतीवरचं केसगळतीचं पोस्टर लक्ष देऊन वाचायला लागलो. माझ्या डोक्याकडे बघून त्यांना ते पटलं असावं.

नाव नोंदवणाऱ्या मुलीने विचारलं, "तक्रार काय?"

मी हळू म्हटलं, "खाज."

"कुठे?"

"आहे."

"अहो काका, आहे ते कळलं, पण कुठे?"

सगळी खोली ऐकत होती. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगतो." तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आहे.

डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या. माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. मी परत फिरणार होतो, पण त्यांनी बसा म्हटलं आणि मी बसलो, तेही अर्ध्या कुल्ल्यावर. त्या माझ्या बसण्याकडे बघून म्हणाल्या, "शिश्नाला त्रास आहे का?" अगदी गुडघ्याला आहे का असं विचारावं तसं. मी "हो" म्हटलं आणि जीव भांड्यात पडला. इतके दिवस जो शब्द मला काढवत नव्हता, तो त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

तपासलं. म्हणाल्या, "याला बॅलनायटिस म्हणतात. टोकाला आणि वरच्या त्वचेला आतून सूज. आजारापेक्षा लक्षणच म्हणा. मागे कारण काहीही असू शकतं. बुरशी असते, कधी जंतू असतात. शुगर वाढली की होतो. कातडी घट्ट असेल, खाली मळ साचत असेल तरी होतो. साबणाने होतो, कशाची ॲलर्जी असली तर होतो, काही त्वचारोगांत होतो. म्हणून कारण सापडेपर्यंत मलमं बदलत बसण्यात अर्थ नाही. धुता कशाने?"

"साधा साबण," मी म्हटलं. जंतुनाशकाचं काय सांगायचं? ते काही साबणात मोडत नाही.

शुगर आणि लघवी तपासायला सांगितली, कापसाच्या काडीने नमुना घेतला. गोळ्याची ट्यूब बंद. बुरशीचं एक साधं मलम दिलं. धुवायचं फक्त कोमट पाण्याने, दिवसातून एकदा.

फक्त पाण्याने! मी आयुष्यभर लोकांचे डाग काढले आहेत. नुसत्या पाण्याने काय निघतं ते मला माहीत आहे. साबण तेवढा बंद केला. जंतुनाशक चालू ठेवलं, उगाच धोका कशाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शुगर अगदी व्यवस्थित. नमुन्यात बुरशी नाही, जंतू नाहीत. सगळे रिपोर्ट असे स्वच्छ की मला अभिमानच वाटला. फक्त जिथलं दुखणं तिथेच आहे.

डॉक्टर बाई रिपोर्ट बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही मला काहीतरी सांगितलेलं नाही. घरी जा आणि त्या जागेला किंवा तिथल्या कपड्यांना जे जे लागतं ते सगळं घेऊन या. आजच."

मी पिशवी भरून आणली. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर काढली. सुगंधी साबण. आणखी कडक साबण. आंघोळीनंतरची पावडर. कपड्यांची पावडर, ब्लीच. शेवटी जंतुनाशकाचा कॅन. तो टेबलावर मावेना, म्हणून मी मांडीवर धरला.

त्यांनी चष्मा वर करून त्यावरचं वाचलं. "हे तुम्ही कुठे वापरता?"

"तिथेच. म्हणजे शिश्नाला." बघा, शब्द आला. "मगभर पाण्यात टोपणभर. आधी दोनदा, आता चारदा."

"यावर लिहिलंय, चादरी आणि अभ्र्यांसाठी."

"हो, हॉस्पिटलच्या."

"तुम्ही चादर आहात का?"

मी कॅन फिरवून अक्षरं माझ्याकडे केली.

मग त्यांनी नीट समजावलं, आणि रागावून नाही. तिथली त्वचा ओठाच्या आतल्या कातडीसारखी नाजूक असते. साबणाने तिचं स्वतःचं तेल निघून जातं, ती सुकते, चिरते, लाल होते. ती लाल झाली की मी आणखी धुतो, आणि धुतलं की ती आणखी लाल होते. मधे गोळ्याची ट्यूब लावली की सूज दबते, पण जास्त दिवस लावली की त्वचा पातळ होते आणि मग पाणीसुद्धा झोंबतं. वर दिवसभर ब्लीच मुरलेले कपडे घासतात.

"म्हणजे मीच?" मी विचारलं.

"तुम्हीच. आणि ते सर्वांत चांगलं कारण आहे, कारण तुम्ही थांबलात की तेही थांबेल. कोमट पाणी, एकदा, हलक्या हाताने, नंतर टिपून कोरडं. साबणाऐवजी हे बिनवासाचं मलम. सूज उतरायला हे सौम्य मलम थोडेच दिवस, मी सांगेन तेवढेच. कपडे साध्या पावडरीत आणि खळखळून पाण्यातून काढायचे. तेवढं तुम्हाला जमेल ना, लाँड्रीवाले?" मग म्हणाल्या, "महिनाभरात पूर्ण गेलं नाही तर परत या. क्वचित त्वचेचा वेगळा आजार निघतो, तेव्हा तुकडा तपासावा लागतो. घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही."

निघताना विचारलं, "हे बायकोला लागू शकतं का?"

"यात लागण्यासारखं काही नाही. का, काय म्हणतात त्या?"

"त्यांना माहीत नाही. त्या बहिणीकडे गेल्या आहेत."

"का गेल्या?"

 का गेल्या? कॅन मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि एकेक आठवायला लागलं. बाहेरची गादी. 'यातून उतरायचंय का.' 'हवे तितके?' लाल डोळे, आणि मी आणलेलं गुलाबपाणी.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, बरे आहात ना? घाम आलाय तुम्हाला."

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुकान मामांवर टाकून सकाळीच हिच्या बहिणीकडे गेलो. ताईंनी दार उघडलं, पण वाट दिली नाही. "काय काम आहे?" असं विचारलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारावं तसं. मागून ही आली. म्हणाली, "आत नको. खाली गाडीत बोलू."

गाडीत बसलो. ही चालकाच्या जागी, मी शेजारी. काचा बंद. ही म्हणाली, "कागदपत्रांचं असेल तर मी अडवणार नाही. फक्त मुलीला तुम्ही सांगा. मला तिला सांगायला जमणार नाही."

"कसले कागद?"

"उगाच वेड पांघरू नका. पहिल्यानेही असंच केलं होतं. आधी खोली बदलली. कारण सांगितलं, उकडतं. मग सुटीला माहेरी जा, हवी तितकी राहा. आणि मग वकिलाचं पत्र. मला पायऱ्या पाठ आहेत हो. या वेळी निदान आधी ओळखल्या."

 वाटेत मी भाषण जुळवून आणलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"मला बॅलनायटिस झालाय," मी म्हटलं.

"काय?"

"शिश्नाला सूज. डिसेंबरपासून असेल, कळलं जानेवारीत. मी घोरत नाही. बसता येत नव्हतं. गाडीतून उतरायचं म्हणजे गाडीतूनच उतरायचं होतं. तुम्ही ताईकडे जाता म्हटल्यावर मला वाटलं, बरं झालं, आता डॉक्टरकडे जाता येईल."

ही माझ्याकडे वळली. "कशाने झालं?"

"धुतल्याने."

"धुतल्याने?"

"जास्त धुतल्याने. तुम्ही म्हणाला होतात ना, लाँड्री आहे म्हणजे माणूस स्वच्छ असणार. म्हणून साबण, चार वेळा. आणि ते चादरींचं जंतुनाशक."

हिने मान खाली घातली. मला वाटलं रडते. पण हिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हसायला लागली, इतकी की कपाळ हॉर्नवर दाबलं गेलं. हॉर्न वाजतोय, ही हसतेय, वरून ताई खिडकीतून डोकावतायत. मग हसता हसता खरंच रडायला लागली आणि माझ्या दंडावर चापट्या मारायला लागली. "अरे माणसा! अरे, सांगायचंस ना! मी तिकडे वर गादीवर पडून स्वतःला आरशात बघून बघून… मला वाटलं, मीच आवडले नाही. मला वाटलं, ह्याला तीन महिन्यांत कळलं."

"काय कळलं?"

"गप्प बस."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने मला अरे म्हटलं. मी गप्प बसलो. मग मीही सांगितलं, फोनवर काय वाचलं आणि माझ्या मनात तिच्याबद्दल काय येऊन गेलं ते. न सांगता भागलं असतं, पण एकदा तोंड उघडलंच होतं. ती गंभीर झाली.  "ते मला आवडलं नाही," म्हणाली.

"मलाही नाही."

"सांगितलंस ते बरं केलंस. पण आवडलं नाही." आणि मग गाडी सुरू केली. "बॅग वरच आहे. ताईला म्हणावं, खाली फेक. मी आता जिने चढणार नाही."

१२ मार्च, गुरुवार

लाली उतरते आहे, पण हळू. दोन दिवस बरं, एक दिवस पुन्हा खाज. डॉक्टर बाई म्हणाल्या, असंच होणार, सौम्य मलम आता बंद. हात मात्र सारखा साबणाकडे जातो. आंघोळीला गेलो की ही बाहेरून ओरडते, "पाणी! फक्त पाणी!" शेजारच्यांना वाटत असेल आमच्याकडे आग लागली.

गोळ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चूक माझीही आहे, दुसरी ट्यूब द्यायलाच नको होती." आणि मग त्याच दमात, "तू चादर आहेस का?" हे वाक्य आता तो मला मरेपर्यंत ऐकवणार.

बाहेरची गादी गुंडाळली, मी आत गेलो. आत तिचीच मोठी आहे. उशी तेवढी माझी.

२९ मार्च, रविवार

डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं, साफ बरं झालंय, तुकडाबिकडा तपासायची गरज नाही. साबण त्या जागेला आयुष्यभर बंद. घरी येऊन हिला सांगितलं. हिने वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, परत वर केलं. वर्तमानपत्राच्या मागून म्हणाली, "मग आज दुकान लवकर बंद कर."

रविवार होता, दुकान बंदच होतं. तसं मी म्हटलंही.

"देवा," वर्तमानपत्र म्हणालं.

याहून जास्त लिहीत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी चहा घेताना ही गप्प होती. ती गप्प म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला आता कळतं. मी थांबलो. पूर्वीचा मी असतो तर दुकानात निघून गेलो असतो.

शेवटी कप खाली ठेवून म्हणाली, "तुझं पुढचं होतं. माझं मागचं आहे."

"काय मागचं?"

"मूळव्याध. दोन वर्षं झाली. दिवसभर सीटवर बसून बसून. कधीकधी रक्तही जातं." आणि लगेच कप उचलून तोंडापुढे धरला, त्यात चहा उरला नव्हता तरी. "हसायचं नाही."

मी हसलो नाही. खरंच नाही. जी बाई अनोळखी माणसांना भर रहदारीत घालते आणि शेजारी शांत बसते, तिचे कान लालबुंद झाले होते. "डॉक्टरला दाखवलंस?"

"वेडा आहेस का? असलं कोणाला दाखवतात?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. मग दोघंही हसलो.

गोळ्याकडून चांगल्या डॉक्टरचं नाव घेतलं, कोणासाठी ते सांगितलं नाही. दुपारी तिचीच गाडी काढली. ती चालवत होती, आणि इतकी सावकाश की मागून एका शिकाऊ गाडीने आम्हाला ओलांडलं. दवाखान्यासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण पट्टा काढेना.

"चल," मी म्हटलं.

"थांब जरा."

"आत काही नसतं गं. एक शब्द म्हणायचा असतो, तो पहिल्यांदा जड जातो. नंतर डॉक्टरच बोलतात."

"तू येशील आत?"

"येईन."

"आणि तो शब्द तू म्हणशील?"

"नाही. तो तुलाच म्हणावा लागेल. मी शेजारी बसेन."

तिने पट्ट्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. रस्त्यावर गाड्या येत-जात होत्या. मी तिच्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिलो, आणि हळूच म्हटलं, "सराव कर. मला सांग, मी नाव नोंदवणारी मुलगी आहे. तक्रार काय?"

 तिने काच खाली केली, दीर्घ श्वास घेतला आणि एवढ्या मोठ्याने तो शब्द म्हणाली की समोरून जाणारा सायकलवाला थांबून आमच्याकडे बघायला लागला.

"आता उतरू," ती म्हणाली.